वर्गाबाहेर काढलं की तो शांत होतो, ते का?

ऐरोलीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गशिक्षिकेचं पत्र आलंय. नाव-गाव काढून, थोडं कमी करून देते:

"माझ्या वर्गात ४८ मुलं आहेत. त्यातल्या एका मुलाने जूनपासून नुसता उच्छाद मांडलाय. शेजारच्याचं दप्तर फेकतो, बाक ढकलतो, कंपास आपटतो, परवा पुढच्या मुलीची वही फाडली आणि वर शिवी दिली. तोंडी विचारलं तर सगळं येतं, वहीत मात्र दोन ओळी. पीटी, चित्रकला, विज्ञानाचा प्रयोग असला की एकदम शहाणा. चौथीच्या बाई म्हणतात आमच्याकडे असा नव्हता, मागे गप्प बसून असायचा. रागावून झालं, समजावून झालं, डायरीत शेरे लिहून झाले. शेवटी बाहेर उभं करते, तिथे मात्र पॅसेजच्या खिडकीशी शांत उभा राहतो. वडिलांना बोलावलं तर त्यांनी ऑफिससमोरच त्याच्या कानाखाली मारली, मलाच कसंतरी झालं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाललंय की ह्याला एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) द्या. हेडसर म्हणतात वर्ग तुमचा, तुम्ही बघा. त्याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असेल का? स्पेशल स्कूलला टाका म्हणून पालकांना सांगू का? आणि बाकीच्या ४७ मुलांचं काय?"

मॅडम, नमस्कार.

तुम्ही एक वाक्य असंच ओघात लिहून गेलात आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. बाहेर उभं केलं की शांत उभा राहतो. आता बघा, ज्या मुलाला वर्गात दहा मिनिटं धड बसवत नाही त्याला पॅसेजमध्ये एकट्याने उभं राहणं ही शिक्षा वाटत असती तर त्याने तिथे पण धिंगाणा घातलाच असता ना, निदान दारातून आत डोकावून बाकीच्यांना हसवलं तरी असतं. तो तसं काहीच करत नाही. म्हणजे त्याला जे हवं होतं ते मिळालंय. वर्गात जे चाललं होतं त्यातून सुटका झाली, आणि ही सुटका कशी मिळवायची ते त्याला जूनपासून नीट कळलंय, वही फाडली की मिळते.

मुलं असं ठरवून, डाव रचून करतात असं मी म्हणत नाही, बहुतेकदा त्यांना स्वतःला पण सांगता येत नाही आपण का केलं. पण कुठलंही वागणं परत परत होत असेल तर त्यातून त्या मुलाला काहीतरी मिळत असतं हे धरून चालायचं. कुणाचं तरी लक्ष मिळतं, किंवा नको असलेलं काम टळतं, किंवा हवी ती वस्तू, हवी ती जागा मिळते, किंवा मग शरीरालाच त्या हालचालीने बरं वाटतं. "ह्याला गप्प कसं करू" ह्याच्या आधी "ह्याला ह्यातून काय मिळतंय" हे शोधा. ते कळल्याशिवाय केलेले सगळे उपाय म्हणजे अंधारात दगड.

आता हे शोधायचं कसं. त्यासाठी कोणी तज्ञ यायची वाट बघायची गरज नाही, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवा आणि दोन आठवडे फक्त लिहा. ४८ मुलांच्या वर्गात सगळं लिहून होणार नाही, म्हणून एकच गोष्ट निवडा, वस्तू फेकणं-फाडणं. ते झालं की मुलं वह्या काढेपर्यंतच्या मिनिटभरात तीन गोष्टी टिपा, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्याने नक्की काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय झालं. वार, तास, विषय वर लिहायचं. "उद्धटपणा केला", "मुद्दाम त्रास दिला" असलं चिठ्ठीवर लिहायचं नाही, ते आपलं मत झालं. चिठ्ठी अशी दिसली पाहिजे: सोमवार, दुसरा तास, मराठी. रांगेने प्रकट वाचन चालू, त्याचा नंबर यायला दोन मुलं उरली होती. पुढच्या मुलीची वही ओढून फाडली. मी बाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत बाहेरच, त्याचं वाचन राहिलं.

अशा दहा-बारा चिठ्ठ्या जमल्या की त्या टेबलावर पसरून बघा, मला खात्री आहे तुम्हाला काहीतरी दिसेल. तसंच ज्या तासांना काहीच होत नाही तेही लिहा, चित्रकलेच्या तासाला तो चांगला बसतो हा तुमच्याकडचा सगळ्यात मौल्यवान पुरावा आहे. जमलं तर एखाद्या सहकाऱ्याला एक तास मागे बसवा, त्यांचा ऑफ तास असेल तेव्हा. आपण शिकवत असताना आपल्याला स्वतःचा आवाज कधी चढतो ते कळत नाही, मागे बसलेल्याला कळतं.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज वाचन-लेखनाचा आहे, पण तो अंदाजच आहे, चिठ्ठ्या वेगळं सांगू शकतात. समजा असं दिसलं की तो गोंधळ तुम्ही फळ्याकडे वळलात किंवा दुसऱ्या रांगेत वही तपासत असलात तेव्हाच होतो, आणि तुम्ही जवळ गेलात की लगेच थांबतो, मग त्याला तुम्ही हव्या आहात. तेव्हा उपाय उलटा होतो, त्याने काही करायच्या आधीच तुम्ही दर थोड्या वेळाने त्याच्या बाकापाशी जायचं, खांद्यावर हात, "झालं का रे, दाखव", आणि छोट्या आगाऊपणाकडे काणाडोळा करायचा. पण तोच काणाडोळा वाचन टाळणाऱ्या मुलाकडे केलात तर त्याला अजून सोयीचंच. दोन मुलं एकसारखीच वही फाडतील पण औषध वेगळं लागेल. म्हणून स्टाफरूममधला "अहो तुम्ही लक्षच देऊ नका" हा सल्ला मी सरसकट कधीच देत नाही. आणि सगळं मधल्या सुट्टीनंतरच होत असेल तर ग्राउंडवर काय घडतंय, डबा खातो की नाही, कोणी चिडवतं का, ते बघा.

आता वाचनाचं. एखाद्या दिवशी त्याला एकट्याला, दुसरं कोणी नसताना, स्टाफरूममध्ये नाही आणि वर्गासमोर तर नाहीच, लायब्ररीत वगैरे बसवा. दुसरी-तिसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. मग तुम्ही पाचवीचा एक उतारा मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. ऐकलेलं सगळं समजतंय, उत्तरं फटाफट येतायत, पण दुसरीचा उतारा वाचताना मात्र अडखळतोय, ओळ सोडतोय, पहिल्या अक्षरावरून पुढचा शब्द अंदाजाने ठोकतोय, जोडाक्षर आलं की थांबतोय, घ आणि ध, भ आणि म ह्यांची अदलाबदल होतेय, लिहिताना मात्रा-वेलांट्या गायब, असं दिसलं तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचन-लेखन-गणितात अडकण्याची, शंका घ्यायला जागा आहे. फक्त शंका. निदान तुम्ही किंवा मी करायचं नाही.

चौथीच्या बाई म्हणतात तेव्हा गप्प असायचा, ह्यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. मागच्या बाकावर गप्प बसून चौथीपर्यंत निभावलं असेल. पाचवीला धडे लांबले, फळ्यावरून उतरवून घ्यायचं वाढलं, आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवीला वार्षिक परीक्षा आलीय, त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर परत पाचवीत, त्यामुळे घरी पण टेन्शन असणार. दहा वर्षांच्या मुलाला ४७ जणांसमोर अडखळत वाचून "ह्याला वाचता येत नाही" म्हणवून घेण्यापेक्षा "हा लय वात्रट आहे" म्हणवून घेणं परवडतं. मला ह्या मुलांबद्दल फार वाटतं हो, हुशार असतात, स्वतःला ढ समजत असतात आणि ते कोणाला कळू नये म्हणून जीव तोडून धडपडत असतात.

सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासून घ्या, त्याला उशीर करू नका. कानात मळ साचलेला, सारखी सर्दी होऊन कानात पाणी झालेलं, चष्म्याचा नंबर लागलेला आणि कोणाला माहीतच नाही, अशी कारणं निघतात. तुमची शाळा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत तपासणीला येते, हेडसरांना सांगून ह्या मुलाचं नाव त्यांना आवर्जून दाखवा. झोपेचं पण विचारा, रात्री किती वाजता झोपतो, घोरतो का.

एडीएचडीचं विचारलंत. ते निदान मानसोपचारतज्ञ किंवा बालरोगतज्ञ करतात, आणि त्यासाठी लक्षणं कमीत कमी ६ महिने, एकापेक्षा जास्त ठिकाणी म्हणजे घरी आणि शाळेत दोन्हीकडे, आणि वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. फक्त मराठी-इंग्रजीच्या तासालाच होणारा गोंधळ त्या चित्रात नीट बसत नाही. पण चित्रकलेला तासभर बसतो म्हणजे एडीएचडी नाहीच असंही म्हणू नका, आवडीच्या कामात ती मुलंही रमतात, आणि अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही एकाच मुलात बऱ्याचदा सापडतात. म्हणून पालकांशी बोलताना हा शब्द तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, एकदा गेला की तो मुलाला चिकटतो.

एक गोष्ट लिहिणं भाग आहे. वागणं एकदम, एखाद्या महिन्यात बदललं असेल, कोणी जवळ आलं की दचकत असेल, विशिष्ट माणसाला किंवा जागेला घाबरत असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर वाचन वगैरे बाजूला ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याखाली कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता वर्गात काय करायचं ते. चिठ्ठ्यांनी वाचन टाळण्याचाच अंदाज पक्का केला असं धरून सांगते.

पहिलं, रांगेने वाचायला लावणं काही दिवस पूर्ण बंद करा, सगळ्यांसाठीच, म्हणजे तो वेगळा पडणार नाही. नंबर जवळ येत जातो तसा त्याच्या पोटात गोळा येत असणार, ती वाट बघणंच नको. जोड्या लावून वाचू द्या. त्याला मोठ्याने वाचायला सांगायचंच असेल तर आदल्या दिवशी दोन ओळी खूण करून द्या, "उद्या एवढंच विचारणार, घरी वाचून ये", आणि दुसऱ्या दिवशी खरंच तेवढंच विचारा. लिहायचं काम अर्धं करा, पाच प्रश्नांऐवजी दोन लिहायचे, तीन तोंडी.

दुसरं, आणि हेच खरं काम आहे, त्याला सुटकेचा सरळ रस्ता शिकवा. एक छोटं कार्ड करा, रंगीत पुठ्ठ्याचा तुकडा चालेल. जमेनासं झालं की त्याने ते बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं, काही बोलायचं नाही, तुम्ही मान हलवायची, आणि त्याने बाटली भरून दोन-तीन मिनिटांत परत यायचं, आल्यावर थोडं सोपं केलेलं तेच काम पुढे. हे गोंधळ चालू असताना शिकवायचं नाही, शांत वेळी, दोघांनीच, दोन-चारदा खोटं खोटं करून बघायचं. सुरुवातीला तो कार्ड सारखं ठेवेल, एका तासात चारदा ठेवेल, तरी प्रत्येक वेळी जाऊ द्या, अगदी प्रत्येक वेळी. कार्ड ठेवून मिळालं नाही आणि वही फाडून मिळालं तर तो कुठला रस्ता धरेल सांगा. कार्डाची सवय पक्की झाली की मग हळूहळू, "एक ओळ लिही आणि मग जा", मग दोन ओळी.

आणि तिसरं, त्याच वेळी जुना रस्ता बंद करायचा. वही फाडली तरी काम टळणार नाही, शांत झाल्यावर तेच काम, लहान करून का होईना, समोर येणारच. इथे बरेच शिक्षक हात टेकतात, कारण जुना उपाय चालेनासा झाला की मुलं सुरुवातीला तो अजून जोरात करून बघतात. पहिले काही दिवस गोंधळ वाढला असं वाटेल, तेव्हा "हे पण करून झालं, काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. चिठ्ठ्या चालूच ठेवा, आठवड्याला किती झाल्या ते मोजा, चार आठवड्यांनी आधीच्या आकड्याशी ताडून बघा. तरी कमी होत नसेल तर आपला अंदाज चुकलाय, परत चिठ्ठ्या पसरायच्या.

शाबासकी देताना नुसतं "गुड बॉय" नको. "आज तू कार्ड ठेवलंस आणि वेळेत परत आलास" असं नेमकं, हळू आवाजात, त्याच्या बाकापाशी जाऊन सांगा. पाचवीच्या मुलाला सगळ्यांसमोर कौतुक झालेलं कधीकधी नको असतं.

तरीही एखाद्या दिवशी भडकणारच. तेव्हा लेक्चर देऊ नका, त्या क्षणी त्याच्या कानात काही शिरत नाही. आवाज खाली, शब्द कमी, दोन हात लांब उभं राहायचं, दाराची वाट अडवायची नाही, हात धरून ओढायचं नाही. वस्तू फेकत असेल तर त्याला बाहेर काढण्यापेक्षा आसपासच्या मुलांना मागच्या बाजूला हलवा, शेजारच्या वर्गातल्या बाईंना मॉनिटरने बोलावून आणायचं हे आधीच ठरवून ठेवा. जे मोडलं-फाडलं त्याची भरपाई नंतर, शांत झाल्यावर, त्याच दिवशी, त्याच्याच हाताने. त्या मुलीच्या वहीला चिकटपट्टी लावून देणं, फाटलेल्या पानावरचं चित्र परत काढून देणं, चित्रकला चांगली आहे म्हणालात ना, ते त्याला जमेल.

वडिलांचं. त्यांनी मारलं हे वाईटच, पण तो माणूस रबाळे एमआयडीसीत कुठेतरी शिफ्ट करत असेल, अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आला असेल आणि ऑफिसच्या दारात सगळ्यांसमोर मुलाच्या तक्रारी ऐकल्या असतील, त्याला तेवढंच सुचलं. पुढच्या वेळी दोघांनाही बोलावा, त्यांच्या शिफ्टची वेळ विचारून, बसायला खुर्ची द्या, मुलगा खोलीत नको. सुरुवात त्याच्या प्रयोगवहीतल्या आकृतीने करा. म्हणा, "दादा, तुमचा मुलगा तोंडी सगळं सांगतो, डोकं चांगलं आहे, पण वाचताना अडकतो आणि तेव्हाच चिडतो असं मला दिसलंय. घरी अभ्यासाला बसवताना काय होतं? लहानपणी बोलायला उशिरा लागला होता का? घरात अजून कोणाला वाचायला त्रास होता का?" आणि मग गप्प बसून ऐका. बऱ्याचदा इथेच वडील सांगतात, मला पण शाळेत असंच व्हायचं. मारण्याबद्दल एकदाच, पण स्पष्ट सांगा, मारल्याने त्याचं वाचन सुधारणार नाही, भीती तेवढी वाढेल. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे, वर्गासमोर अपमान करणं पण त्यात येतं.

तपासणीसाठी तुमच्या जवळ वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे आधी जाऊन या. सायन हॉस्पिटलचं एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिक पण आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी, डॉक्टरांची तपासणी असं असतं, एका फेरीत होत नाही, हे पालकांना आधीच सांगा नाहीतर दुसऱ्या फेरीला कोणी जात नाही. सोबत मुलाच्या वह्या आणि तुमच्या चिठ्ठ्या द्या. निदान झालं आणि सर्टिफिकेट मिळालं तर पुढे दहावीच्या बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, हे ऐकलं की पालक जरा मोकळे होतात.

एलसीचा विषय हेडसरांपाशी आजच संपवा. प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तेच सांगतं. स्पेशल स्कूलचा तर प्रश्नच नाही, अध्ययन अक्षमता निघाली तरी दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यात ती येते आणि तो कायदा अशा मुलाला तुमच्याच वर्गात, आधार देऊन शिकवा म्हणतो. आधारासाठी समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, शहर साधन केंद्राला शाळेचं पत्र जाऊ दे. ते पत्र हेडसरांनी द्यायचं आहे, तेव्हा "वर्ग तुमचा" इथे चालत नाही, चिठ्ठ्या घेऊन जा आणि तेवढं एकच मागा. पाचवीपर्यंत कायद्याने ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, तुम्ही ४८ सांभाळताय, हेही त्यांना आठवण म्हणून सांगायला हरकत नाही.

पालकांच्या ग्रुपवर ह्या मुलाबद्दल एक अक्षर लिहू नका, सफाई पण देऊ नका. ज्या मुलीची वही फाटली तिच्या आईला मात्र तुम्ही स्वतः फोन करा, काय झालं, तिच्यासाठी आम्ही काय केलं, तिची जागा बदलली का, एवढंच सांगा, मुलाच्या तपासणीबद्दल काही नाही. बाकीच्या ४७ मुलांचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्यांना पण शांत वर्ग मिळायला हवा. जोडीवाचन, लहान केलेलं काम, ठरलेली पाण्याची सुट्टी ह्याचा फायदा त्यांनाही होईल, कारण ४८ मध्ये गप्प बसून निभावणारी अजून दोन-तीन तरी असतील, त्यांच्या वह्या एकदा ह्या नजरेने बघा.

आणि मार्चमध्ये सहावीच्या वर्गशिक्षकांना एक पानभर लिहून द्या, कार्ड कसं वापरतो, किती ओळी वाचायला दिल्या की जमतं, काय केलं की भडकतो, घरी कोणाशी बोलायचं, रिपोर्ट कुठल्या फाइलला आहे. नाहीतर जूनमध्ये परत रांगेने वाचन सुरू होईल.